मधल्यांची बाजू

मधल्यांना स्वतःचं मत नाही, असं म्हणणारे लोक होते, पण ते त्यांच्यावर अन्याय करत होते. मधल्यांना प्रत्येक गोष्टीवर निदान दोन मतं असत. दोन्ही सारखीच तगडी आणि दोन्ही पुराव्यानिशी. त्यांच्या बायकोने एकदा बैठकीच्या खोलीसाठी पडद्याच्या कापडाचे दोन नमुने आणले, एक निळा आणि एक पिवळा, आणि कोणता घेऊ म्हणून विचारलं. मधल्यांनी निळ्याची बाजू अशी काही मांडली की बाई निळा घ्यायला उठल्याच. त्या चपला घालेपर्यंत यांनी पिवळ्याची बाजू मांडली. त्या घरात आजही एका खिडकीला निळा पडदा आहे आणि दुसरीला पिवळा. आल्यागेल्याला वाटतं, कापड कमी पडलं असेल.

असा माणूस वकील झाला यात नवल नाही. तो पुढे अख्ख्या फर्मचा प्रमुख झाला, हे नवल. आणि गंमत अशी की झाला तो याच गुणावर.

'मधले' हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ज्यांनी ती फर्म काढली त्यांना सगळे थोरले म्हणत. थोरल्यांच्या हाताखाली पहिले आले ते हे, म्हणून मधले. बऱ्याच वर्षांनी एक मुलगी नुकतीच सनद घेऊन आली आणि मधल्यांच्या टेबलाला टेबल लावून बसली, ती धाकटी. तिघांचं एकमेकांशी रक्ताचं नातं काडीचं नव्हतं. पण फर्म म्हणजे एकत्र कुटुंबच की. रुसवेफुगवे, कानगोष्टी, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं त्यात आलं. चौथे भागीदार तोफसाहेब. ते उलटतपासणीला उभे राहिले की बाहेर व्हरांड्यात बसलेले साक्षीदार पाणी मागत, म्हणून हे नाव. कोर्टातली कामं तोफसाहेबांची, करारमदार आणि मसुदे धाकटीचे, आणि या दोघांच्या खोल्यांच्या मध्ये मधल्यांची खोली. बाकी माणसं पुष्कळ होती, पण या गोष्टीत त्यांचं काम नाही.

मध्ये असण्याची सवय मधल्यांना लहानपणापासूनची. त्यांचे वडील आणि काका एकाच घरात दोन चुली मांडून राहत आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. निरोप न्यायला हा पोरगा. वडील म्हणायचे, "सांग तुझ्या काकाला, अक्कल गहाण टाकली आहे का म्हणावं." हा जाऊन सांगणार, "काका, बाबा म्हणतात, पुन्हा एकदा विचार करा." काका ओरडायचे, "त्या दीडशहाण्याला म्हणावं, स्वतःचं बघ." हा परत येऊन सांगणार, "काका म्हणतात, तुमचंही काही चूक नाही." दोघे भाऊ मरेपर्यंत समजत राहिले की पोरगा आपल्या बाजूचा आहे. पोराला मात्र आपण कोणाच्या बाजूचे हे कधी उमगलं नाही. कोणी त्याला विचारलंही नव्हतं म्हणा.

आता फर्मची एक चाल सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून घडलं.

दर शुक्रवारी कोर्ट सुटलं की सगळे भागीदार ग्रंथालयातल्या लांब टेबलाभोवती बसत. कपाटात जाडजूड निवाड्यांचे खंड, टेबलावर चहाच्या कपांचे गोल डाग, खिडकीखाली रस्त्यावरची वाहनं. बाहेरच्या केसेस तिथे निघत नसत; फर्मच्या आतला वाद असेल तेवढाच निघायचा. नवा माणूस घ्यायचा का, अमक्या अशिलाचं काम सोडायचं का, असले प्रश्न. पण नियम असा, की ज्याला जे हवं असेल त्याने त्याच्या बरोबर उलट बोलायचं. माणूस घ्यावा असं ज्याला वाटतं त्याने उभं राहून तो का घेऊ नये हे सांगायचं. थोरले म्हणत, "ज्याला समोरच्याची बाजू मांडता येत नाही, त्याने स्वतःची मांडायच्या फंदात पडू नये." या प्रकाराला सगळे 'अदलाबदल' म्हणत. बाहेरच्यांना ते खूळ वाटायचं. आतल्यांना त्याचा अभिमान होता.

निर्णय थोरल्यांचा. आणि त्यातली खरी मेख ही, की थोरले मुद्दे ऐकतच नसत. अडखळतं कोण, एवढंच बघत. एकदा काचेच्या नव्या इमारतीत जागा घ्यायचं निघालं. तोफसाहेबांना जुनी जागा सोडायची नव्हती, तेव्हा नियमाप्रमाणे त्यांना नव्या जागेचे गुण गावे लागले. तोफ उभी राहिली खरी, पण दारूच सापडेना. "तिथे, म्हणजे, उजेड आहे," ते म्हणाले. मग बराच वेळ घाम पुसला. "उजेड बराच आहे म्हणतात," असं म्हणून ते खाली बसले. थोरले हसले. "याचा जीव इथल्या भिंतींत अडकलाय. हलायचं नाही." आणि ज्याने नको असलेली बाजूही रंगवून, खुलवून मांडली, त्याला ते म्हणत, "तुला काय, दोन्ही चालेल." लंगडी बाजू म्हणजे मनातली कळकळ, फर्डी बाजू म्हणजे हरकत नाही. हा हिशेब त्या फर्मच्या हाडीमासी खिळला होता.

मधल्यांपुढे मात्र थोरल्यांचं काही चालायचं नाही. मधले कोणतीही बाजू घेवोत, सारखीच गुळगुळीत. "मधल्यांचं काही कळत नाही बुवा," असं म्हणून थोरले चष्मा पुसायला घेत. लोकांना ती स्तुती वाटायची. खरं तर ती तक्रार होती.

मग थोरल्यांचे गुडघे गेले, जिना चढवेना, आणि ते मुलीकडे राहायला गेले. प्रमुख कोणी व्हायचं? तोफसाहेबांच्या नावाला धाकटीच्या बाजूची कुरकुर, धाकटीच्या नावाला तोफसाहेबांच्या बाजूची. मधल्यांच्या नावाला कोणाचीच हरकत नव्हती. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, असं लोक म्हणाले. लाभ कसला डोंबलाचा! ज्याला पडदा निवडता येत नाही त्याच्या गळ्यात फर्म बांधली, एवढंच.

मधले थोरल्यांच्या खुर्चीत बसले आणि लहानपणी जे करत होते तेच करू लागले. तोफसाहेब त्यांच्या खोलीत शिरून तणतणत, "कोर्टाच्या कामाला माणसं कमी पडतात, करारवाल्यांची काढून मला द्या." मधले म्हणत, "तुमचं दुखणं मला समजतं." तोफसाहेब बाहेर पडत ते माणसं मिळाली असं धरूनच. मग धाकटी येई. मधल्यांना तिचंही दुखणं समजे. सोमवारी एकाच कनिष्ठ वकिलाला दोन खोल्यांतून हाका येत आणि तो बिचारा व्हरांड्यात मध्येच उभा राही. शुक्रवारची अदलाबदल नेमाने चालू होती, मधले टेबलाच्या टोकाला बसून सगळं ऐकत, मान डोलवत आणि शेवटी म्हणत, "दोन्हीकडे तथ्य आहे. पुढच्या शुक्रवारी बघू." स्वतः उभं राहून बोलायची वेळ त्यांच्यावर येतच नव्हती. त्यांनी थोरल्यांना फोन करून विचारलं, तर थोरले म्हणाले, "आता तुमचं तुम्ही बघा," आणि तब्येतीचं बोलू लागले.

शेवटी एक सल्लागार बोलावला. नेतृत्व, संस्कृती, धोरण असल्या विषयांचा तो जाणकार होता, आणि त्याचे बूट फार स्वच्छ होते. त्याने भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि म्हणाला, "आपल्या फर्मची संस्कृती एका शब्दात लिहा." वकिलांना असं सांगायचं नसतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. 'आपल्या' म्हणजे भागीदारांच्या की सगळ्यांच्या, असं तोफसाहेबांनी विचारलं. कोणीतरी विचारलं, सामासिक शब्द एक धरायचा की दोन? जेवणाची सुट्टी झाली तरी 'संस्कृती'ची व्याख्या ठरत होती. मधल्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एकीवर 'शिस्त', दुसरीवर 'मोकळीक'. सल्लागाराने त्या दोन्ही हातात धरून बराच वेळ पाहिल्या.

"साहेब, बाकी सगळं राहू द्या," तो निघताना म्हणाला. "काही वर्षांनी ही फर्म कुठे असावी असं तुम्हाला वाटतं?"

मधल्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली. सल्लागार आधी लिहून घेत होता. मग त्याने लिहायचं थांबवलं, आणि मग पेनाला टोपण लावलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धाकटी मधल्यांच्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं. त्या फर्ममध्ये दारं लावायची पद्धत नव्हती. मधल्यांनी मसुद्यातून मान वर केली.

"सर, मोठ्या फर्मकडून बोलावणं आलंय," ती म्हणाली. "अख्खा विभाग माझ्या हाती द्यायला तयार आहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही."

एवढं बोलून ती उभीच राहिली. मधल्यांनी मसुदा बाजूला सारला. या मुलीला त्यांनी पहिलं कलम कसं लिहायचं इथपासून शिकवलं होतं. आता तर ते स्वतःचा मसुदासुद्धा तिच्या नजरेखालून घातल्याशिवाय बाहेर पाठवत नसत. ती नसेल तर ही खोली कशी दिसेल हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना ते बघवेना. तेव्हाच त्यांची जीभ टाळ्याला चिकटली असती तर किती बरं झालं असतं. पण जीभ पडली वकिलाची.

"हे बघ," ते म्हणाले, "याला दोन बाजू आहेत."

आणि त्यांनी दोन्ही सांगितल्या. तिकडे गेलीस तर असं, इथे राहिलीस तर तसं. धाकटी ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू उतरत गेलं, पण मधल्यांचं लक्ष दुसरी बाजू पहिलीइतकी भक्कम होते की नाही याकडे होतं.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं.

"माझं काय? मी पडलो प्रमुख. मला काही वाटून कसं चालेल?"

ती थोडीशी हसली. "बरं. मग शुक्रवारी मांडते. भागीदाराचं येणंजाणं टेबलावर यायलाच हवं."

संध्याकाळी घरी मधल्यांनी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. धाकटी आणि ती म्हणजे जणू सख्ख्या बहिणी. आठवड्यातून एकदा तरी दोघी मिळून मधल्यांची टर उडवत.

"धाकटी जाणार? आणि मग तुम्ही काय म्हणालात?"

"दोन्ही बाजू समजावून सांगितल्या."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ती दारात उभी राहून विचारतेय, राहू की जाऊ, आणि तुम्ही तिला पडद्याचे नमुने दाखवताय?"

"तसं नसतं गं. तिचं भलं तिकडे असेल तर? मी राहा म्हटलं तर तो माझा स्वार्थ. जा म्हटलं तर फर्मचं नुकसान. प्रमुखाने..."

"प्रमुख गेला खड्ड्यात. तुम्हाला काय हवंय?"

मधल्यांना खरोखरच माहीत नव्हतं. राग यायचा तर कोणाचा यावा हेही त्यांना कळत नव्हतं. जेवताना त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि खाल्लीही तशीच.

पुढचे दिवस असेच गेले. सल्लागाराने ठेवलेला कागद त्यांनी काढून वाचला. त्यात एका ठिकाणी लिहिलं होतं, चांगली माणसं धरून ठेवा, आणि त्याच पानावर खाली, माणसांना वाढायला मोकळं सोडा. मधल्यांना सल्लागाराबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. धाकटी समोरून गेली की ते फायलीत डोकं घालत. ती हाक मारेल म्हणून भीती, आणि मारली नाही की चुटपुट.

शुक्रवारी सकाळी दाढी करताना त्यांच्या मनात एकदम आलं: मला ती इथे हवी आहे. ब्रश हातात धरून ते थांबले. आता दुसरी बाजू येईल, म्हणून त्यांनी वाट पाहिली. फेस वाळला, दुसरी बाजू आली नाही. मधल्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी हनुवटीवर कापून घेतलं. आज बोलून टाकायचं, त्यांनी ठरवलं. टेबलावर, सगळ्यांदेखत, जे आहे ते.

कोर्ट सुटलं, माणसं जमली, कोट खुर्च्यांच्या पाठींवर गेले, चहा आला. धाकटी उभी राहिली.

"मी जावं हेच बरं," ती म्हणाली. मग थांबली. हातातला कागद तिने उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "तिकडे संधी मोठी आहे. आणि बदल... बदल माणसाला हवाच असतो." आणखी काहीतरी म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि ती बसली.

ठरलंय हिचं, मधल्यांच्या मनात आलं. आता तोंड वर करून सांगायची लाज वाटतेय.

तोफसाहेब उठले. एरवी ज्यांच्या आवाजाने काचा थरथरत ते तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "जाऊ द्या तिला. माणसं येतात, जातात. आपण काय, चालवू कसंतरी." आणि रुमालात नाक शिंकरत खाली बसले.

मधल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चालवू कसंतरी! ते उठले. टेबलाच्या टोकाला बसणारा माणूस उभा राहिलेला पाहून सगळे चपापले.

"कसंतरी चालवायची असेल तर फर्म कशाला, एखादं दुकान काढू," मधले म्हणाले. "ही इथे आली तेव्हा तिला एक कलम धड लिहिता येत नव्हतं. आज माझा मसुदा मी तिला दाखवल्याशिवाय पाठवत नाही. का? मला जे दिसत नाही ते तिला दिसतं म्हणून. तुम्ही सगळे माझ्या खोलीत येता आणि मी तुमचं ऐकतो म्हणून खूश होऊन जाता. ही एकटी अशी आहे की जी मला विचारते, तुमचं काय? ही गेली तर पाटी राहील, खुर्च्या राहतील, अशीलही राहतील थोडे. पण मला इथे यावंसं वाटणार नाही." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "राहा. प्रमुख म्हणून नाही सांगत. राहा."

एकही शब्द अडखळला नाही. सगळं कसं ओघात, जिथल्या तिथे. लोकांनी टेबलावर हात आपटून दाद दिली.

धाकटी मान खाली घालून बसली होती. "किती छान बोललात, सर," ती हळूच म्हणाली. "कळलं मला."

ती उठून तिच्या खोलीकडे गेली. मधल्यांना वाटलं, डोंगर उतरला. त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला, आणि जिन्याच्या तोंडाशी तोफसाहेबांनी त्यांना गाठलं.

"मधले, मला धास्ती होती हो," तोफसाहेब म्हणाले. "म्हटलं, धाकटी जाणार म्हणजे तुम्ही हाय खाणार. पण कमाल केलीत! आता मला बघा, ती जाऊ नये असं इतकं वाटतंय की दोन वाक्यं जोडता आली नाहीत. तुम्ही मात्र काय फर्डं बोललात! चला, तुमची काही हरकत नाही म्हटल्यावर तिलाही जायला मोकळं झालं."

"हरकत नाही?" मधले म्हणाले. "अहो, मी तिला राहा म्हणालो!"

"तेच तर म्हणतोय मी." तोफसाहेब खाली उतरू लागले. मग थबकले आणि वळून त्यांनी मधल्यांचा चेहरा पाहिला. "मधले, तुम्ही अदलाबदलीत सरळ बोललात की काय?"

वाचणारा म्हणेल, असा कसा माणूस विसरला? ज्या टेबलावर जन्म गेला तिथला नियम विसरला? पण ठेच लागते ती आपल्याच घरच्या उंबरठ्याला. प्रमुख झाल्यापासून मधले त्या टेबलावर बोललेच नव्हते. आणि आयुष्यात प्रथमच मनात एकच एक गोष्ट घेऊन आलेला माणूस ती सांडू नये म्हणून इतका जपून चालत होता, की आपण कुठे पाऊल ठेवतोय हे त्याला दिसलंच नाही.

मधले धावले. व्हरांड्यात दोन कारकून बाजूला सरले; मधल्यांना धावताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

धाकटी फोन खाली ठेवत होती.

"बरं झालं आलात, सर," ती म्हणाली. तिचा आवाज नको तितका प्रसन्न होता. "त्यांना हो म्हणून कळवून टाकलं. आत्ताच."

"इतक्यात?"

"लांबवायचं कशाला? तुमचं मन कळायचं तेवढं राहिलं होतं. ते कळलं."

मधल्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली. सांगावं? आता सांगितलं तर हिने काय करायचं? दिलेला शब्द मोडायचा? या धंद्यात शब्द मोडला की माणूस मोडला. की मनात सल घेऊन जायचं? न सांगावं, तर हिला आयुष्यभर वाटत राहणार की ज्याने शिकवलं त्याला आपण नकोशा झालो होतो. इकडे आड, तिकडे विहीर. डोक्यात सगळा गुंता झाला, आणि त्यातल्या त्यात जे शहाणपणाचं वाटलं ते त्यांनी केलं. हिला निदान हसतमुखाने जाऊ द्यावं.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "जायलाच हवं होतं. जागा चांगली आहे ती."

धाकटी फायली आवरत होती.

"मोठी आहे," मधले म्हणाले. "म्हणजे, खोल्या मोठ्या असतील." त्यांनी घसा साफ केला. "माणसंही... बरीच आहेत तिथे. तुला सोबत होईल." पुढचा मुद्दा त्यांना सापडेना. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, समोरच्या गच्चीवर कोणाचे तरी कपडे वाळत होते. "आणि तुझं... तुझं तिकडे..."

फायली आवरणारे हात थांबले होते. धाकटी त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"सर, बस करा," ती म्हणाली. "इतकी लंगडी बाजू तुम्ही जन्मात कधी मांडली नव्हती."

मधल्यांनी खुर्चीची पाठ सोडली.

"म्हणजे मघाशी टेबलावर जे बोललात ते..."

"सरळ," मधले म्हणाले. "सगळं सरळ होतं ते."

धाकटी खुर्चीत बसली. बसली म्हणण्यापेक्षा तिने अंग टाकलं. बाहेर टंकलेखक यंत्रांवर झाकणं घालून घरी निघाल्याचे आवाज येत होते.

"आणि माझी?" ती म्हणाली. "मी जावं म्हणून उभी राहिले, तर तीन वाक्यं धड जोडता आली नाहीत मला. ती लंगडी नव्हती? त्या खुर्चीत बसून तेवढंच तर बघायचं असतं, सर. तोफसाहेबांना दिसलं. चहा घेऊन आलेल्या माणसाला दिसलं. तुम्हाला नाही दिसलं?"

मधल्यांना तो उलटा केलेला कागद आठवला, पुन्हा सुलटा केलेला आठवला, बोलायला उघडून तसंच मिटलेलं तोंड आठवलं. सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं. आयुष्यभर त्यांनी प्रत्येकाचं ऐकलं होतं, ज्याचं ऐकू नये त्याचंही.

"दिसलं होतं गं," ते म्हणाले. "पण त्या वेळी मी पहिल्यांदाच माझं ऐकत होतो."

धाकटीने डोळे पुसले. तिने फोनकडे एकदा पाहिलं, पण त्याला हात लावला नाही. दिलेला शब्द परत घ्यायचा नसतो, हेही तिला मधल्यांनीच शिकवलं होतं.